भाड्याचे तट्टू

‘भाड्याचे तट्टू’ ही आपल्या भाषेतली एक शिवी आहे. निवडणुकीच्या दिवसांत ती एका व्यासपीठावरून दुसऱ्या व्यासपीठावर सढळ हाताने फेकली जाते. पण भाड्याचे खरे तट्टू कसे जगते, हे शिवी देणाऱ्यांपैकी कितीजणांनी पाहिले असेल? मीही पाहिले नव्हते. दुसऱ्यांना कशाला नावे ठेवा!

जून २०२४ मध्ये पहिला पाऊस होऊन गेला होता. प्रवेशाची कागदपत्रे प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी बोईसरला नवापूर नाक्याच्या पुढे रिक्षाची वाट पाहत होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच, त्यामुळे त्या पिशवीला मी जिवापलीकडे जपत होते. समोर कचऱ्याच्या ढिगात एक तट्टू उभे होते. जेमतेम माझ्या छातीएवढे उंच. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. तंग बांधायच्या जागी जखम, आणि पुढचे खूर वाढून मोजडीच्या टोकासारखे वर वळलेले. शिळा भात ते पिशवीसकट चघळत होते. माणसे थांबत होती, फोटो काढत होती, ‘अरेरे’ म्हणत होती आणि रिक्षात बसत होती. मीही बसले. पण दुसऱ्या दिवशी ते तिथेच होते, आणि तिसऱ्या दिवशीही.

मग चौकीत नोंद करून मी आणि माझ्या दोन मैत्रिणींनी त्याला आत्याच्या रिकाम्या गोठ्यात नेले. बाबा कंत्राटी कामगार. ते एवढेच म्हणाले, ‘घरातली तोंडे मोज आणि मग बोल.’ आळीत मात्र बातमी पसरली आणि पोळ्या, गूळ, भिजवलेले हरभरे यांची रीघ लागली. सरकारी दवाखान्यातले पशुवैद्य आले आणि त्यांनी हा सारा नैवेद्य आधी बाहेर काढायला लावला. ‘उपाशी घोड्याला एकदम पोटभर घातलेत तर तुमची दयाच त्याला मारील,’ ते म्हणाले. घोड्याला उलटी करता येत नाही, हे मला तेव्हा कळले. पोटात गेलेले चुकीचे अन्न बाहेर येत नाही. पोटशूळ उठतो आणि जनावर जाते. म्हणून सुके गवत, थोडे थोडे, दिवसातून सहा-सात वेळा. धनुर्वाताचे इंजेक्शन, कारण घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो. जंताचे औषध. खुरांसाठी नालबंद हवा होता. बोईसरमध्ये पंक्चर काढणारे पावलोपावली, नालबंद एकही सापडेना. शेवटी वरातीला घोडा देणाऱ्या एकाच्या ओळखीने तो मिळाला. इतके वाढलेले खूर एका दिवसात कापायचे नसतात, असे सांगून त्याने तीन फेऱ्या केल्या आणि तिन्ही फेऱ्यांचे पैसे घेतले. त्याचेही बरोबरच आहे.

ऑगस्टअखेर तट्टू अंगाने भरले. आम्ही त्याचे नाव ‘राजा’ ठेवले होते; हाक मारली की ते ढिम्म हलत नसे. तेवढ्यात फार्महाऊस असलेल्या एका शहरी कुटुंबाकडून विचारणा झाली. त्यांना मुलांसाठी ‘मिनी घोडा’ हवा होता. आम्ही राजाला टेंपोत चढवले, फोटो काढला आणि ‘एका मुक्या जिवाला घर मिळाले’ असे लिहून मी तो सर्वांना पाठवला. खूप अंगठे आणि बदाम आले. खरे सांगते, त्या दिवशी मला तट्टापेक्षा माझेच कौतुक जास्त वाटत होते.

दिवाळीनंतर निरोप आला : घेऊन जा. आम्ही गेलो. तट्टू उपाशी नव्हते. उलट पाव, बिस्किटे आणि केक खाऊन ते फुगले होते, आणि त्यापायीच पुढच्या खुरांच्या आत दाह झाला होता. लहान चणीच्या तट्टांना गोडाधोडाने आणि लुसलुशीत चाऱ्याने हा रोग सहज जडतो. पाय टेकवेना म्हणून मुलांना बसता येईना. बसता येईना म्हणून त्याच्याकडे कोणी पाहीना. दोष त्यांचा, पण अर्धा माझा. द्यायच्या आधी मी त्यांना एकही प्रश्न विचारला नव्हता. रोज कोण पाहील? पावसात कोठे बांधाल? मुलांना कंटाळा आला तर? घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो. दातांवरून हे दहाएक वर्षांचे. म्हणजे पुढच्या पंधरा वर्षांची जबाबदारी एका टेंपोत चढवून मी मोकळी झाले होते!

हे ऐकून माझा मावसभाऊ म्हणाला, ‘अगं, इथे माणसांच्या पुनर्वसनाची रड आहे, आणि तू घोड्यांचे काय घेऊन बसलीस?’ मित्रहो, हा प्रश्न मला झोंबला, कारण तो आपल्या भागातला प्रश्न आहे. पुनर्वसन हा शब्द आपल्याकडे शाळकरी पोरांनाही माहीत आहे. सूर्या प्रकल्पासाठी पाडे उठले. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. ऑगस्ट २०२४ मध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली. मावसभावाचा राग खोटा नाही. पण भातलावणीत साप चावला की ज्या लशीसाठी आपण ग्रामीण रुग्णालयाकडे धावतो, ती घोड्याच्या रक्तापासून बनते, हे मी त्याला सांगितले. तो गप्प बसला. मला मात्र हे उत्तर पुरेसे वाटत नाही. उपयोगी म्हणून जगू द्या, एवढेच त्याने सिद्ध होते.

माझे म्हणणे वेगळे आहे. माणूस असो की तट्टू, हलवले की काम संपले असे आपण समजतो. मुंबईचेच पाहा. जून २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने मौजेच्या घोडागाड्या बेकायदा ठरवल्या, त्या वर्षभरात बंद करायला सांगितल्या आणि त्यांवर पोट असणाऱ्यांच्या पुनर्वसनाची योजनाही सरकारकडून मागितली. मार्च २०२१ मध्ये विजेवर चालणाऱ्या व्हिक्टोरिया आल्या. गाडीला पर्याय मिळाला. ती ओढणारा एकेक घोडा पुढे कोठे गेला, हे विचारणारा मला अजून कोणी भेटलेला नाही. २०२३ साली जे राज्यगीत झाले त्यात भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख आहे. कार्यक्रमात आपण ते छाती फुगवून म्हणतो. आणि कायदा? १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. आपल्या कँटीनमध्ये दोघांचा चहा-वडा त्याहून महाग पडतो. १९६५ च्या नियमांप्रमाणे तट्टाच्या पाठीवर ७० किलोंपेक्षा जास्त ओझे लादता येत नाही. आपल्या प्राध्यापकवर्गापैकी कोणालाही मी वजन विचारलेले नाही, पण किनाऱ्यावर फेरी मारण्यापूर्वी प्रत्येकाने आपले आपण पाहावे.

मार्चमध्ये आम्ही तट्टाचा पहिला मालक शोधून काढला. तो केळव्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवतो. मी भांडायच्या तयारीने गेले होते. तो म्हणाला, ‘ताई, पावसाळ्यात चार महिने धंदा बंद. पोरांना घालू का याला? वाटलं, सोडलं तर कुठेतरी चरेल.’ मग खाली बघत त्याने विचारले, ‘बारक्या बरा आहे ना?’ तेव्हा आम्हाला कळले की राजाचे नाव बारक्या आहे. पुढच्या रविवारी तो गोठ्यापाशी आला आणि त्याने हाक मारली, तशी तट्टाने कान टवकारले आणि मान फिरवली. माझी तयार केलेली भांडणे तिथेच राहिली.

त्याने पोटच्या पोराप्रमाणे सांभाळलेले जनावर कचऱ्यात सोडले, हे मी माफ करीत नाही. पण हिशेब केला. दोनशे किलोच्या तट्टाला रोज सुमारे चार किलो सुके गवत लागते. चार महिन्यांना पाचशे किलोंच्या आतबाहेर. आणि हे गवत कोठून आणायचे? आपण ज्या मुलखात राहतो त्या मुलखाने मुंबईची जनावरे पोसली. १९४५ साली वारल्यांनी गवतकापणीच्या मजुरीसाठी संप केला तो इथलाच; गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये ती हकीकत आहे. आजी म्हणते, ‘आम्ही कापलेलं गवत गाडीत बसून मुंबईला जायचं, आम्ही नाय कधी बसलो.’ पाऊस सरल्यावर कापणाऱ्या बायांना रोख मजुरी देऊन ते गवत विकत घ्यावे, गंजी रचावी आणि पुढच्या पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या तट्टांना पुरवावे. कचऱ्यातून उचलून बरे करण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त आहे. तट्टू दुसऱ्याच्या दावणीला द्यायचेच झाले तर साध्या कागदावर का होईना करार हवा : विकायचे नाही, झेपले नाही तर परत करायचे, आणि देणाऱ्याने महिन्याला एकदा जाऊन पाहायचे. आपल्या एन.एस.एस.च्या मुलांनी झाडे लावावीत, पण एका वर्षी गंजीही रचून पाहावी.

बारक्या आता आत्याच्याच गोठ्यात असतो. पाठीवर कोणी बसत नाही. मालक अधूनमधून येतो. खुरांतली घाण कशी काढायची हे त्याने मला शिकवले. दर दीड-दोन महिन्यांनी नालबंद येतो. खर्चासाठी आम्ही नऊजणांनी वर्गणी ठरवली आहे. या महिन्याची दोघांची यायची आहे. त्यातले एक नाव माझे आहे. परीक्षेची फी भरली, तेव्हा पुढच्या आठवड्यात देते, असे मी सांगितले आहे.