पापाच्या दोन शक्ति

ख्रिस्ती धर्माचें नांव निघालें कीं आमच्यांतील पुष्कळ शहाण्यासुरत्या माणसांस दोनच गोष्टी आठवतात: पोर्तुगीझांची तलवार आणि दुष्काळांत मिशनऱ्यांनीं वांटलेलें धान्य. दोन्ही गोष्टी घडलेल्या आहेत, व त्या विसराव्या असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु नीळकंठशास्त्री गोऱ्हे (१८४८), बाबा पदमनजी (१८५४), पंडिता रमाबाई (१८८३) आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८९५) हीं माणसें ख्रिस्ती झालीं, तीं कांहीं तलवारीस भिऊन किंवा पोटास मिळेना म्हणून नव्हे. शास्त्रें पढलेलीं, वादांत कोणास हार न जाणारीं हीं माणसें ज्या शिकवणीकडे ओढलीं गेलीं, तिचें मर्म पाप, क्षमा आणि विश्वासानें तारण ह्या तीन गोष्टींत आहे. तें समजून न घेतां तिची टर उडविणें सोपें आहे. पण तेणेंकरून आमच्याच घरांतलें एक जुनें दुखणें झांकलें जातें. आज लिहावयाचें आहे तें त्या दुखण्याविषयीं.

आमच्या व्यापारी वाचकांस ही शिकवण त्यांच्याच खतावणीच्या भाषेंत सांगतां येईल. ख्रिस्ती शास्त्र म्हणतें कीं, पाप म्हणजे सुटें सुटें दुष्कृत्य एवढेंच नव्हे. तें माणसाच्या प्रकृतीसच जडलेलें ऋण आहे. नांवेंच्या बाजूस रक्कम इतकी मोठी कीं, दानधर्म, उपास व यात्रा ह्यांची जमा कितीही मांडली तरी खातें फिटावयाचें नाहीं. धनको देव आहे. तो न्यायी असल्यामुळें ऋण नव्हतेंच असें म्हणत नाहीं. तर ख्रिस्ताच्या मरणाच्या रूपानें तें स्वतः भरतो. ऋणकोनें करावयाचें तें इतकेंच कीं, आपणांजवळ भरावयास कांहीं नाहीं हें कबूल करावें, मागें वळावें आणि भरणारावर विश्वास ठेवावा. ज्यानें एखादें बुडीत येणें आपखुषीनें सोडून दिलें असेल, त्या सावकारास ह्यांतील खोंच कळेल. क्षमा फुकट होत नसते. ऋणको सुटतो तेव्हां तोटा धनकोच्या पदरीं येतो.

लूककृत शुभवर्तमानांत उधळ्या मुलाची गोष्ट आहे. वांटणीचा पैसा उडवून, कंगाल होऊन मुलगा घरीं परततो, तेव्हां बाप हिशेब विचारीत नाहीं. दुरून पाहतांच धांवत जातो, अंगावर चांगला झगा घालतो आणि मेजवानी करतो. त्या मेजवानीस न येतां रुसून बाहेर उभा राहतो तो घरचा सज्जन थोरला भाऊ. हा थोरला भाऊ वाचकांनीं लक्षांत ठेवावा. पुढें त्याच्याशीं आमचें काम आहे.

ह्या शिकवणीवर नेहमीचा आक्षेप असा कीं, नुसत्या विश्वासानें पाप फिटत असेल तर पाप करण्यास भीति कसली? हा आक्षेप पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्रांत स्वतःच काढून खोडला आहे. आणि याकोबाच्या पत्रांत कृतीवांचूनचा विश्वास निर्जीव ठरविला आहे. उलट, क्षमा विकत मिळूं लागली म्हणजे काय होतें हेंही ख्रिस्ती इतिहासानेंच दाखविलें. १५१७ सालीं मार्टिन ल्यूथरनें जर्मनींतील विटेनबर्ग येथें वाद उभा केला, तो पैसे घेऊन दिल्या जाणाऱ्या क्षमापत्रांविरुद्ध. त्या वादांतून पश्चिमेकडील ख्रिस्ती मंडळी दुभंगली. तारण केवळ विश्वासानें, कीं विश्वास व सत्कृत्यें मिळून, ह्यावर पिढ्यान् पिढ्या भांडणें चाललीं. शेवटीं ३१ ऑक्टोबर १९९९ रोजीं आउग्सबुर्ग येथें ल्यूथरपंथीय व कॅथलिक ह्यांनीं एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. तारण ही देवाची कृपा आहे, आपल्या पुण्याची मजुरी नाहीं, आणि सत्कृत्यें हीं त्या कृपेचीं फळें होत, इतकें तरी ४८२ वर्षांनीं दोघांनीं एकमतानें मान्य केलें.

वारकरी वाचकास ह्यांत अगदींच परकें असें थोडेंच वाटेल. अजामिळाची कथा काय किंवा वाल्या कोळ्याची कथा काय, नामानें पतित तरतो हेंच त्या सांगतात. आमच्या संतांनीं देवास पतितपावन म्हटलें तें उगीच नाहीं. तुकोबा तर दुकानदारी केलेले. घरच्या सावकारीच्या खतांपैकीं आपल्या वांट्याचीं खतें त्यांनीं इंद्रायणींत बुडविलीं, ही परंपरेची हकीकत सर्वांस ठाऊक आहे. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलों असें रेव्हरंड टिळक सांगत, त्याचें कारण हेंच. दोहोंत भेद आहेत, व ते मोठे आहेत. कर्मविपाक आणि पुनर्जन्म मानणारास एकाच जन्मांत, एकाच्या मरणानें सर्वांचा निकाल लागतो हें पटणें कठीण. आणि तारण एकाच नांवांत आहे हा आग्रह आम्हांसही मान्य नाहीं. तथापि देव पाप्यास क्षमा करतो, ह्याविषयीं देहू आणि जेरुसलेम ह्यांच्यांत तंटा नाहीं. खरा प्रश्न निराळा आहे. देवानें क्षमा केलेल्या माणसास गांव क्षमा करतो काय?

ह्या प्रश्नाची अचूक मांडणी आमच्याच धर्मशास्त्रांत सांपडते. याज्ञवल्क्यस्मृतीवरील विज्ञानेश्वराची मिताक्षरा वकिलांस वारसाहक्कापुरती ठाऊक असते. पण तिच्या प्रायश्चित्ताच्या प्रकरणांत पापाच्या दोन शक्ति सांगितल्या आहेत. एक नरकास नेणारी व दुसरी व्यवहार बंद पाडणारी. पहिलीचा संबंध पाप करणाराच्या परलोकाशीं. दुसरीचा त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांशीं, म्हणजे अन्नपाणी, सोयरीक व देणेंघेणें ह्यांशीं. त्यानें असेंही म्हटलें आहे कीं, जाणूनबुजून पाप करणारानें प्रायश्चित्त घेतलें तर पाप समूळ गेलें नाहीं तरी तो व्यवहारास योग्य होतो. म्हणजे आठनऊशें वर्षांपूर्वींच्या शास्त्रकारासही माणूस परत पंगतीस आणावयाचाच होता. आमच्या जातींनीं ह्याच्या उलट केलें. पहिली शक्ति देवावर सोंपविली, आणि दुसरी आपल्या हातीं ठेवून तिचा धंदा मांडला.

१८४३ सालीं मुंबईस नारायण शेषाद्रि ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला. बापानें सुप्रीम कोर्टांत दाद मागितली आणि कोर्टानें मुलगा बापाच्या स्वाधीन केला. कायद्याचें काम एका हुकुमानें संपलें. जातीचें काम तेथून सुरू झालें. मिशनऱ्यांच्या घरचें अन्न खाल्लेला हा पोर शुद्ध होऊं शकतो कीं नाहीं, ह्यावर रणें माजलीं. त्यास प्रायश्चित्त देऊन परत घ्यावें असा पक्ष ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर ह्यांनीं धरला, आणि सनातनी मंडळींचा रोष ओढवून घेतला. पुढें १८९० च्या ऑक्टोबरांत पुण्यास पंचहौद मिशनमध्यें व्याख्यानानंतर मंडळींपुढें चहा आला. हजर असलेल्यांत न्यायमूर्ति रानडे होते, लोकमान्य टिळक होते. गोपाळराव जोशी ह्यांनीं नांवें छापविलीं आणि ग्रामण्य माजलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. टिळकांनीं काशीस प्रायश्चित्त घेतल्याचें सांगितलें. रानड्यांनीं १८९२ सालीं प्रायश्चित्त घेतलें आणि त्याबद्दल स्वपक्षीयांचा बोल सोसला. एवढ्या मोठ्या माणसांस चहाच्या पेल्यासाठीं हा जाच झाला, तर ज्याचें नांव कोणी छापीत नाहीं त्या कुणब्याकातकऱ्याची काय कथा?

पंडिता रमाबाईंस ख्रिस्ताकडे ओढलें तें एखाद्या प्रमेयानें नव्हे. इंग्लंडांत फुलम येथें, समाजानें टाकलेल्या स्त्रियांसाठीं वाँटेजच्या भगिनींनीं चालविलेलें आश्रयस्थान त्यांनीं पाहिलें, आणि ह्या बायकांची सेवा तुम्ही कां करतां, असें विचारलें. उत्तरादाखल त्यांस विहिरीवर पाण्यास आलेल्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखविण्यांत आली. लोक जिच्या सावलीस उभे राहिले नसते, तिच्याजवळ ख्रिस्तानें प्यावयास पाणी मागितलें. आपल्या पापांची क्षमा झाल्याचा अनुभव आपणांस बाप्तिस्म्यानंतर बऱ्याच वर्षांनीं आला, असें रमाबाईंनींच पुढें लिहिलें आहे. पण फुलमचा धडा त्या विसरल्या नाहींत. केडगांवीं ‘मुक्ति’च्या आवारांत त्यांनीं ‘कृपासदन’ काढलें तें अशाच बायकांसाठीं. क्षमा झालेल्या बाईस राहावयास खोली, करावयास काम आणि ताटांत भाकरी लागते, हें त्यांस समजलें होतें.

येथें ख्रिस्ती बंधूंसही दोन शब्द सांगणें प्राप्त आहे. क्षमेचा धर्म सांगणारांनींच १५६० सालीं गोव्यांत इन्क्विझिशन बसविलें, आणि मधला थोडा काळ सोडतां तें १८१२ पर्यंत चालविलें. धर्म बदलला म्हणून जातही सुटली, असेंही सर्वत्र झालें नाहीं. चर्चमध्यें बसण्याच्या व स्मशानांत पुरण्याच्या जागा वेगळ्या राखण्याचे प्रकार ह्या देशांत झालेले आहेत. थोरला भाऊ कोणत्याही एका धर्माचा नाहीं. उलटपक्षीं, वसईच्या ख्रिस्त्यास परका मानण्याचें हिंदूंसही कारण नाहीं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनीं ‘सुबोध बायबल’ मराठींत आणलें, आणि २०२० सालीं उस्मानाबाद येथें मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षस्थान भूषविलें. त्यांचें पान महाराष्ट्रानें आपल्या पंगतींतच मांडलें होतें.

कायद्यानें काय केलें तेंही पाहूं. १८५० च्या एकविसाव्या ॲक्टानें, जात किंवा धर्म गेल्यामुळें वारसाहक्क जात नाहीं असें ठरविलें. १९४९ सालीं मुंबई प्रांतानें वाळींत टाकण्यास बंदी करणारा कायदा केला. तो १९६२ सालीं सुप्रीम कोर्टानें बोहरा धर्मगुरूंच्या खटल्यांत घटनाबाह्य ठरविला. त्यानंतर २०१६ सालीं महाराष्ट्रानें सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला. २०१७ च्या जुलैपासून तो अमलांत आहे, आणि त्याखालीं तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. कायदा चांगला आहे व तो वापरला पाहिजे. परंतु पंचांचा हात धरणें एवढेंच कायद्याच्या हातीं आहे. टाकलेल्या माणसाचें पान मांडणें हें गांवाचेंच काम.

म्हणून आतां सापगांवाकडे वळूं. भातसेच्या कांठचें हें गांव शहापूर तालुक्यांतील इतर गांवांसारखेंच. तेथें अमुक घडलें असा आरोप आम्ही करीत नाहीं. पण शहापूर-मुरबाडच्या कोणत्याही गांवीं तुरुंगांतून सुटून आलेला गडी असो, धर्म बदललेलें किंवा बदलून परत आलेलें कुटुंब असो, कीं जातीबाहेर लग्न केलेलें जोडपें असो (आणि ह्या शेवटल्या दोहोंत तर पापच नाहीं), त्यांचा निकाल देवळांत लागत नाहीं आणि कोर्टांतही लागत नाहीं. तो विहिरीवर, पिठाच्या गिरणीवर, हळदीच्या मांडवांत आणि वाण्याच्या दुकानांत लागतो. मिताक्षरेनें जिला व्यवहार बंद पाडणारी शक्ति म्हटलें, तिची किल्ली, दुकानदारांनो, तुमच्याजवळ आहे. पंचांनीं हुकूम सोडला तरी मीठमिरची देणारा दुकानदार, दळण दळणारा गिरणीवाला आणि भात घेणारा व्यापारी ह्यांनीं तो मानला नाहीं, तर तो हुकूम आठ दिवसही टिकावयाचा नाहीं.

क्षमा म्हणजे गुन्ह्यास मोकळीक नव्हे. चोरानें चोरी भरून द्यावी, मारेकऱ्यानें शिक्षा भोगावी. ज्याचें नुकसान झालें त्याच्या वतीनें क्षमा करण्याचा अधिकार तिऱ्हाइतास नाहीं. पण शिक्षा संपली म्हणजे ती संपली पाहिजे. जन्मठेप देण्याचा अधिकार पंगतीस कोणीं दिला? आमचें मागणें तीन कलमांचें आहे. पंचांनीं पापाचा दंड पैशांत घेणें बंद करावें. गांवांत कोणासही वाळींत टाकलें जाणार नाहीं, असा ठराव ग्रामसभेनें करून तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा. आणि गिऱ्हाइकाच्या पापपुण्याची चौकशी आपल्या तागडीजवळ होणार नाहीं, असा नियम व्यापाऱ्यांनीं आपल्यापुरता करावा.

देवाच्या दरबारीं माणसाचें खातें नामानें मिटतें, विश्वासानें मिटतें कीं कर्मानें, हा वाद शास्त्र्यांनीं आणि पाद्र्यांनीं खुशाल चालवावा. आमच्यापुढचा प्रश्न त्याहून लहान आहे, आणि त्याचें उत्तर येत्या लग्नसराईंतच द्यावयाचें आहे. परत आलेल्या भावाचें पान मांडलें गेलें असतां आमच्यांतील थोरले भाऊ पंगतींत येऊन बसणार, कीं मांडवाबाहेरच उभे राहणार?