ताकद वाढवलीत, थांबणार कशाने?

लोणी काळभोरच्या स्टेशन चौकात सोलापूर रस्ता ओलांडणं म्हाताऱ्या माणसाचं काम राहिलेलं नाही. तेल कंपन्यांच्या डेपोतून भरून निघालेले टँकर, हंगामात उसाच्या ट्रॉल्या, कॉलेजला निघालेली पोरं आणि उलट्या बाजूने घुसणारे दुचाकीवाले, सगळे एकाच वेळी तिथे येतात. याच रस्त्यावर वडिलांची जुनी एस्टीम, बॉनेटखाली जुन्या बलेनोचं इंजिन घालून, टँकरच्या मधून पळवणाऱ्यांना मला एकच विचारायचं आहे. ही गाडी थांबवणार कशाने?

आधी एक गोष्ट साफ करतो. जुन्या गाडीत मोठं इंजिन घालण्याला माझा विरोध नाही. गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांनी आयुष्यभर तेच केलं. मारुती १००० आली १९९० साली, ९७० सीसीची. तिला दम नाही अशी ओरड झाली, आणि १९९४ मध्ये त्याच अंगात १३०० सीसीचं इंजिन घालून मारुतीने एस्टीम विकली. हिंदुस्तान मोटर्सने पन्नाशीच्या दशकातल्या अॅम्बेसेडरला इसुझूचं १८०० सीसीचं इंजिन आणि पाच गिअर दिले. प्रीमियरच्या ११८ एनईमध्ये बॉडी फियाट घराण्यातली होती आणि इंजिन निस्सानचं. गॅरेजवालेही मागे नव्हते. आकुर्डीच्या बजाज टेम्पोची मॅटाडोर होती, तिचं मर्सिडीजच्या जातीचं डिझेल इंजिन किती अॅम्बेसेडर आणि काँटेसांच्या पोटात गेलं, हे जुन्या मिस्त्रींना विचारा. ही कारागिरी होती, आणि तिच्याबद्दल मला आदर आहे.

पण कंपनी इंजिन बदलते तेव्हा पाठीमागे माणसं बसलेली असतात. वजन किती वाढलं, स्प्रिंग किती दबली, डिस्क किती तापली, रेडिएटर पुरतो का, हे ती मोजतात. आमच्याकडे काय होतं? एका गॅरेजमध्ये एस्टीमचं काम चाललं होतं, म्हणून मी थांबून पाहिलं. एस्टीम आणि बलेनोची इंजिनं एकाच घराण्यातली, त्यामुळे फार कापाकापी न करता बसतात. इंजिन चकाचक धुतलेलं, वायरिंगला नवी टेप, ईसीएम नीट बांधलेला. मी पुढचं चाक काढलेलं होतं तिथे वाकलो. डिस्क घासून पातळ झालेली, कडेला बोटाला लागेल एवढी धार. मागच्या ड्रमच्या आतून ब्रेक ऑइल पाझरून चाकाच्या रिमवर धूळ चिकटलेली. ब्रेकचे होज गाडीइतकेच जुने, वाकवले की भेगा दिसत होत्या. मी विचारलं, तर गाडीचा मालक म्हणाला, "काका, ते नंतर बघू, आधी उचलते कशी ते बघा." मागच्या सीटवर लहान मुलाची पाण्याची बाटली पडलेली होती.

हा निष्काळजीपणा नाही, हा गुन्हा आहे, आणि मी तो शब्द विचार करून वापरतोय. साठच्या वेगाने जाणारी गाडी ऐंशीने गेली, तर ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा जवळजवळ पावणेदोन पट होते. वेगाचा वर्ग होतो, हे दहावीच्या पोराला माहीत असतं. पासष्ट हॉर्सपॉवरच्या गाडीला नव्वदच्या पुढची ताकद द्यायची आणि त्या पातळ डिस्कवर, त्या गळक्या ब्रेक सिलिंडरवर बायकापोरांना बसवायचं? ब्रेकचा खर्च इंजिनाच्या मानाने किरकोळ आहे. पैसा नव्हता म्हणून ते राहिले नाहीत. ब्रेक दिसत नाहीत, त्यांचा आवाज येत नाही, मित्रांना दाखवता येत नाहीत, म्हणून राहिले. आणि असं काम हातावेगळं करून गाडी बाहेर सोडणारा मिस्त्री तेवढाच दोषी आहे. गिऱ्हाईक नको म्हणालं तर त्याने गाडी खाली उतरवूच नये.

आता सरकारकडे वळतो, कारण माझा खरा राग तिथे आहे.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने जे तपशील ठरवले आणि आर.सी.वर चढले, त्यांत फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, केरळच्या एका प्रकरणात, हे पक्कं केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने शिक्षाही आली: नियमाबाहेरचा बदल केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. सीएनजी, एलपीजी, वीज यांच्या किटसाठी मात्र मंजुरीचा रस्ता ठेवला आहे. म्हणजे डिकीत गॅसची टाकी बसवून ती तपासून घेता येते. पण ज्या माणसाने मोठ्या इंजिनाबरोबर मोठ्या डिस्क, नवा बूस्टर, दणकट सस्पेन्शन असं सगळं इमानदारीने बसवलं आहे, त्याला "साहेब, गाडी तपासा" म्हणायला खिडकीच नाही. खिडकीवर गेला तर तो स्वतःच्या तोंडाने गुन्हा कबूल करतो.

मग काय होतं ते आपण रोज बघतो. बंदी घातल्याने एकही इंजिन बदलायचं थांबलं नाही, फक्त तपासणी थांबली. काम रात्री होतं, बिल मिळत नाही, इंजिन कुठल्या गाडीतून निघालं ते कोणी विचारत नाही, आणि चोरीच्या गाड्यांच्या इंजिनांना बाजार मिळतो. पंधरा वर्षांनी पुन्हा पासिंगला गाडी गेली की एजंट "मी बघतो" म्हणतो. अपघात झाला तर विमा कंपनी क्लेम नाकारायला मोकळी. नीट काम करणारा आणि होज फुटायला आलेली गाडी सोडणारा, दोघे कायद्याच्या दृष्टीने एकाच रांगेत. अशा कायद्याने चांगल्या मिस्त्रीला चांगलं राहायचं कारणच उरत नाही.

जर्मनीत गाडीतला असा बदल टीयूव्हीसारख्या संस्थेचा इंजिनिअर तपासतो, पास झाला तर तो गाडीच्या कागदावर चढतो, नाही तर गाडी रस्त्यावर येत नाही. आपल्याला हे जमणार नाही, असं कोणी सांगू नये, निदान पुण्यात तरी नाही. १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय आपल्या वेताळ टेकडीवर आहे; देशभरच्या गाड्या तिच्याकडे तपासायला येतात. दिवे घाटापलीकडे दिवे गावात आरटीओचा ब्रेक तपासणीचा ट्रॅक आहे, तिथे ट्रक-टेम्पो रोज ब्रेक मारून दाखवतात. तिथेच खासगी गाडी का उभी करू नये? इंजिनाचं बिल दाखवा, वजन काट्यावर करा, धूर मोजा, ट्रॅकवर ब्रेक मारून दाखवा. ठरलेल्या अंतरात थांबली तर नवा इंजिन नंबर आर.सी.वर चढवा, भरपूर फी घ्या. नाही थांबली तर तिथेच गाडी अडवा, आणि ज्याने बसवून दिली त्या गॅरेजलाही नोटीस काढा.