मित्राला हाक, चोराला कान

सुरत जिल्ह्यातील काळ्या जमिनीत पूर्वी एक रीत होती: एका वर्षी ज्वारी, तर दुसऱ्या वर्षी कापूस. या फेरपालटीने जमिनीचा कस राखला जातो, हे आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते. तिचा आणखी एक लाभ मात्र विज्ञानाला फार उशिरा उमगला. तोच आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

लव्हाळा, हरळी यांसारखे तण पाणी, खत आणि उजेड यांसाठी पिकाशी उघडपणे झगडते. टारफुला मात्र चोर आहे. त्याचे बी धुळीसारखे बारीक; एका झाडाला ते हजारोंनी येते आणि मातीत वर्षानुवर्षे निजून राहते. ज्वारीच्या मुळांतून पाझरणाऱ्या द्रव्याचा सुगावा लागताच ते रुजते, मुळाला चिकटते आणि अन्नरस शोषू लागते. टारफुला जमिनीवर डोके काढतो, तोवर ज्वारी खुरटलेली असते.

मग ज्वारी हे द्रव्य सोडतेच कशाला? याचा उलगडा २००५ साली जपानी शास्त्रज्ञांनी केला. मुळांना स्फुरद मिळवून देणाऱ्या एका उपकारक बुरशीला ती साद असते. मित्राला घातलेली हाक चोरही ऐकतो!

कापसाचे मूळही अशीच साद घालते. किंबहुना या जातीचे द्रव्य प्रथम वेगळे काढले गेले ते कापसाच्या मुळांतूनच, १९६६ साली अमेरिकेत. परंतु कापसावर टारफुल्याला जगता येत नाही. बी फसून रुजते आणि उपाशी मरते. अशा रीतीने कापसाच्या वर्षी शेत थोडेथोडे निवळत असे.

१९७२ साली उकाई धरण पूर्ण झाले, कालव्यांचे पाणी आले आणि उसाचे क्षेत्र वाढले. ऊस, मका व बाजरी हीदेखील टारफुल्याची भक्ष्ये आहेत. म्हणून जेथे तो दिसतो, तेथे मधून कापूस, भुईमूग किंवा चवळी घ्यावी आणि शेणखतात हात आखडता घेऊ नये.

शुभवर्तमानातील दाखल्यात गव्हाला धक्का लागू नये म्हणून धन्याने निदण कापणीपर्यंत राहू दिले. टारफुल्याला मात्र तेवढी सवड देता येत नाही. बी धरण्यापूर्वीच तो उपटावा. त्याने यंदाचे नुकसान भरून येणार नाही, परंतु मुलांच्या वाट्याला येणारी जमीन तरी स्वच्छ राहील.