रात्रीच्या जेवणाची आठवड्याची आखणी

शाळा सुरू झाल्या म्हणजे घराचे सारे वेळापत्रक बदलून जाते. केंद्रीय मंडळाच्या शाळांत मुले शिकत असतील तर हा बदल बहुधा एप्रिलमध्येच जाणवू लागतो. महाराष्ट्रातील राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यास उघडतात, आणि विदर्भात उन्हामुळे आणखी काही दिवसांनी. महिना कोणताही असो, घरोघरचे चित्र सारखेच असते. सकाळी डब्यांची घाई, दुपारी ज्याचे त्याचे जेवण ज्याच्या त्याच्या ठिकाणी, सायंकाळी खेळ, शिकवणी आणि गृहपाठ. सोमवार ते शुक्रवार या पाच दिवसांत सर्व कुटुंब एकत्र बसून जेवते ते बहुधा रात्रीच. म्हणूनच या जेवणाचा विचार थोडा आधी आणि थोडा नेटका व्हावयास हवा.

प्रत्यक्षात तो होतो सायंकाळी सात वाजता. घरी परतलेली गृहिणी हातपाय धुऊन स्वयंपाकघरात येते आणि ‘आज काय करावे?’ हा प्रश्न तिच्यापुढे उभा राहतो. कडधान्य भिजत घातलेले नसते, शनिवारी आणलेली पालेभाजी पिवळी पडलेली असते आणि मुलांना कडकडून भूक लागलेली असते. मग बटाटे चिरले जातात, किंवा पाकिटातल्या नूडल्स उकळल्या जातात. हा आळसाचा परिणाम नव्हे. पोळ्या लाटण्याचे श्रम असतात तसेच रोज नव्याने ठरविण्याचेही श्रम असतात, आणि ते नेमके दिवसाच्या सर्वांत थकलेल्या घटकेस करावे लागतात. यावर उपाय एकच : हा निर्णय आठवड्यातून एकदा, सर्वांनी मिळून, निवांतपणी करावा.

पूर्वीच्या घरांत अशी आखणी नकळत होत असे. आठवडी बाजाराचा दिवस ठरलेला असे, सोमवार-शनिवारचे उपास ठरलेले असत, चातुर्मासात काय वर्ज्य हे सर्वांस ठाऊक असे. वारावरून स्वयंपाकाची दिशा कळत असे. आज भाजी रोज दारात मिळते, परंतु ती चौकट मात्र राहिली नाही. तीच चौकट आपल्या सोयीप्रमाणे पुन्हा बसवावयाची आहे.

चौकट आधी, पदार्थ मागाहून

आखणी करताना पदार्थांच्या नावांपासून प्रारंभ करू नये. प्रथम तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, बाजार कोणत्या दिवशी होतो. दुसरी, कोणत्या सायंकाळी वेळ अगदी अपुरा आहे. तिसरी, कोणते धान्य केव्हा भिजत घालावे लागेल. या तिन्हींची उत्तरे कागदावर मांडली की पदार्थ आपोआप सुचतात.

बाजार रविवारी होत असेल तर नाजूक भाज्या आधी आणि टिकाऊ भाज्या नंतर, हा क्रम ठेवावा. मेथी, पालक, चवळी, माठ या पालेभाज्या सोमवारी संपाव्यात. भेंडी, वांगी, फरसबी, दोडका मंगळवार-बुधवारी. कोबी, गाजर, लाल भोपळा, सुरण यांना गुरुवार-शुक्रवारपर्यंत थांबण्यास हरकत नसते. एवढ्या एका नियमानेही फेकली जाणारी भाजी बरीच कमी होते.

भिजवण्याचे वेळापत्रकही असेच सोपे आहे. अख्खे मूग चार ते सहा तासांत भिजतात. छोले व राजमा यांना आठ ते दहा तास, म्हणजे पूर्ण रात्र लागते. राजमा कुकरमध्ये पूर्ण शिजवावा. कच्चट राहिलेला राजमा पोटास बाधतो. मटकी रात्री भिजत घालून सकाळी उपसावी व फडक्यात बांधून ठेवावी. उन्हाळ्यात रात्रीपर्यंत मोड येतात. उत्तरेकडील थंडीत त्यांना दीड-दोन दिवसही लागतात, म्हणून तेथे राहणाऱ्या कुटुंबांनी एक दिवस आधी सुरुवात करावी. मोड आलेल्या कडधान्यात क जीवनसत्त्व वाढते, आणि भिजवण्याने व मोड आणण्याने त्यांतील लोह शरीरास अधिक उपयोगी पडते.

नमुन्याचा एक आठवडा

समजा, घरात नोकरी करणारे आईवडील, आठ आणि तेरा वर्षांची दोन मुले व आजी अशी पाच माणसे आहेत. रविवारी बाजार होतो आणि मंगळवारी थोरल्याची शिकवणी रात्री साडेसातपर्यंत चालते. अशा घराची आखणी पुढीलप्रमाणे होऊ शकेल.

सोमवार : मूगडाळ घालून मेथी किंवा पालक, ज्वारीची भाकरी किंवा पोळी, वर लिंबाची फोड, दही. निजण्यापूर्वी मटकी भिजत घालावी.

मंगळवार : घाईचा दिवस. मूगडाळीची खिचडी, टोमॅटोचे सार, काकडीची कोशिंबीर. तीन वाट्या तांदळास निदान एक वाटी डाळ असावी. दीड वाटी घातली तर अधिकच चांगले.

बुधवार : मोडाच्या मटकीची उसळ, पोळी, भेंडीची किंवा फरसबीची भाजी, कांदा-टोमॅटो.

गुरुवार : तुरीच्या डाळीची आमटी, भात, कोबीची भाजी, गाजराची कोशिंबीर. कुकरमध्ये डाळ व तांदूळ एकावर एक डब्यांत लावले की अर्ध्या तासात बैठकीची तयारी होते.

शुक्रवार : मुलांच्या आवडीचा दिवस. भाजणीच्या थालीपिठात लाल भोपळा किसून घालावा. सोबत दही आणि शेंगदाण्याची चटणी.

ही यादी कोणा एका प्रांताची नाही. बंगळूरच्या घरात गुरुवारी सांबार होईल आणि भाकरीच्या जागी नाचणीची मुद्दे येईल. नाचणीत दर शंभर ग्रॅममागे तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, तेव्हा वाढत्या मुलांसाठी ही अदलाबदल लाभाचीच. इंदूरच्या घरात मंगळवारी खिचडीसोबत कढी असेल. कोकणात, गोव्यात किंवा कोलकात्यात बुधवारी मासळी येईल. अंडी खाणाऱ्या घरात शुक्रवारी ऑम्लेट चालेल. पालेभाजी, डाळ, कडधान्य आणि दही यांचा वार चुकू नये, एवढेच पाहावे.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत दोन हजार कॅलरींच्या दिवसभराच्या आहारासाठी धान्ये २५० ग्रॅम, डाळी व कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम आणि दूध-दही ३०० मिलिलिटर असे प्रमाण दिले आहे. धान्यांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांपेक्षा अधिक नसावी, असेही तेथे सुचविले आहे. आपल्या बहुतेक घरांत पोळी-भाताचा भाग मोठा आणि डाळ-भाजीचा भाग लहान असतो. आपल्या पाचजणांच्या कुटुंबात दिवसाला सुमारे चारशे ग्रॅम डाळी-कडधान्ये लागतील. त्यांतील निम्मी रात्रीच्या जेवणात धरली तर दोनशे ग्रॅम होतात. आठवड्याच्या पाच रात्रींना एक किलो. रविवारी डबा उघडून एवढे धान्य घरात आहे की नाही हे पाहिले, म्हणजे अर्धी आखणी झालीच.

आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी. सरकारी व अनुदानित शाळांत आठवीपर्यंतच्या मुलांना दुपारचे जेवण मिळते. २०२१ पासून पीएम पोषण या नावाने चालणाऱ्या या योजनेत प्राथमिक वर्गांसाठी ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीसाठी ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिने असे प्रमाण ठरलेले आहे. शाळेतला साप्ताहिक आहार विचारून घ्यावा. ज्या दिवशी दुपारी खिचडी मिळते त्या दिवशी रात्री पुन्हा खिचडी पुढे आली, तर मुलाने नाक मुरडल्यास दोष त्याचा नव्हे.

पाच वाजताची भूक

शाळेतून आलेले मूल पाच वाजता भुकेलेले असते. त्या वेळी बिस्किटांचा पुडा हाती आला तर रात्रीचे ताट तसेच राहते, आणि सारी आखणी वाया जाते. म्हणून मधल्या वेळचे खाणेही त्याच कागदावर लिहावे : भाजलेले चणे व गूळ, शेंगदाण्याचा लाडू, एखादे केळे किंवा पेरू, वाटीभर पोहे. रात्रीचे जेवण शक्य तो आठच्या आत व्हावे. जेवणाबरोबर किंवा जेवल्याबरोबर चहा घेण्याची मोठ्यांची सवय असल्यास ती सोडावी, कारण चहामुळे अन्नातील लोह नीट शोषले जात नाही. उलट लिंबू, आवळा, कच्चा टोमॅटो यांच्यामुळे ते अधिक शोषले जाते.

आदल्या दिवशीचे उरलेले अन्न वापरण्यात कमीपणा नाही, पण पथ्य सांभाळावे. उरलेला भात ओट्यावर रात्रभर ठेवू नये. दोन तासांच्या आत तो निववून फ्रिजमध्ये ठेवावा, दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत पूर्ण गरम करावा आणि एकदाच वापरावा. भाताला बाधणारे काही जंतू शिजवल्यानेही मरत नाहीत, आणि त्यांनी तयार केलेले विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. फ्रिज नसेल तर मोजूनच शिजवावे.

ताटे मोजताना

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळू. आखणी झाली, सामान आले, परंतु सारे एकाच व्यक्तीच्या अंगावर पडले, तर मिळाले काय? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यातील रोजचा सरासरी वेळ २९९ मिनिटे, तर घरकामात भाग घेणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे आढळला. २०२४ च्या सर्वेक्षणात हेच आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत दोघांचेही काम थोडे हलके झाले, मात्र दोघांमधील अंतर जवळजवळ होते तेवढेच राहिले.

याला जोडूनच दुसरे एक सत्य आहे. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वर्षांच्या दर शंभर स्त्रियांपैकी ५७ जणींना रक्तक्षय होता. १५ ते १९ वर्षांच्या मुलींत हे प्रमाण ५९ होते. रक्तक्षयाची कारणे अनेक असतात, आणि त्यासाठी वैद्यकीय तपासणी व लोहाच्या गोळ्या यांना पर्याय नाही. पण एक कारण आपल्या स्वयंपाकघरातच आहे. सर्वांस वाढून झाल्यावर जी शेवटी जेवते, तिच्या वाट्यास पातेल्यातील तळाची आमटी आणि दोन पोळ्या येतात. भाजी संपलेली असते. दही मुलांना दिलेले असते. ‘मला चालेल’ असे ती म्हणते, आणि वर्षानुवर्षे ते चालते.

म्हणून आखणी करताना ताटे मोजावीत, आणि स्वयंपाक करणारीचे ताट त्यांत पहिल्याने धरावे. पाच माणसे असतील तर भाजी पाचजणांची चिरावी, चारजणांची नव्हे. शक्य तेव्हा सर्वांनी एकदमच बसावे. पोळ्या गरम हव्यात म्हणून एकीने उभे राहण्यापेक्षा त्या करून डब्यात फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात; चवीत पडणारा फरक फार मोठा नसतो. एकत्र बसल्यावर कोणास काय कमी पडले हे सर्वांच्या डोळ्यांदेखत असते, आणि मुलेही वाटून घ्यावयास शिकतात.

कामांची वाटणीही त्याच कागदावर, नावानिशी लिहावी. बाजार वडिलांकडे. रात्री उद्याची ओळ वाचून धान्य भिजत घालणे तेरा वर्षांच्या मुलाकडे. मुलगा असो वा मुलगी, नियम एकच. पालेभाजी निवडणे, मटार सोलणे, पाणी व ताटे घेणे आठ वर्षांच्या धाकट्याकडे. आजीस झेपत असेल तर कोशिंबीर तिच्याकडे, आणि मिठाची चव पाहण्याचा मान तर तिचाच. जेवणानंतरची आवरासावर ज्याने स्वयंपाक केला नाही त्याने करावी. काम सांगितल्यावर करणे ही केवळ मदत झाली; आठवणीने स्वतःहून करणे ही जबाबदारी. कागदावर नाव असले की आठवण करून देण्याचे कामही गृहिणीच्या डोक्यावरून उतरते.

रविवारचा अर्धा तास

या सर्वांस फार वेळ लागत नाही. रविवारी सकाळी न्याहारीनंतर सर्वांनी बसावे, जुन्या वहीचे एक पान घ्यावे, पाच ओळी लिहाव्यात आणि ते पान स्वयंपाकघराच्या दारास लावावे. एखाद्या दिवशी पाहुणे येतील, एखाद्या दिवशी गॅस संपेल, एखाद्या दिवशी कोणी आजारी पडेल. अशा दिवसासाठी थालीपिठाची भाजणी, पोहे, दाणे आणि थोडी मूगडाळ घरात नेहमी असू द्यावी व त्या दिवशीची ओळ बिनदिक्कत खोडावी. आखणी आपल्या सोयीसाठी असते. आपण तिच्यासाठी नसतो.

पान आठवड्याच्या शेवटी टाकून देऊ नये. काय आवडले, काय उरले, कोणत्या दिवशी फार धावपळ झाली, हे समासात टिपून ते वहीत ठेवावे. अशी चार पाने जमली की महिन्याची आखणी तयार होते, आणि त्यांतील भाज्या तेवढ्या ऋतूप्रमाणे बदलत गेल्या की तीच पाने वार्षिक परीक्षेपर्यंत पुरतात. येत्या रविवारी पहिले पान लिहावे, आणि लिहिताना लेखणी घरातील सर्वांत धाकट्याच्या हाती द्यावी.