सवलतीच्या मोबदल्यात पाळत

गाडी किती आणि कशी चालवली जाते, यावर मोटार विम्याचा हप्ता ठरवण्याची मुभा विमा नियामक प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये कंपन्यांना दिली. महिन्यातून दोनदा गाडी बाहेर काढणाऱ्या निवृत्त गृहस्थाने टॅक्सीवाल्याइतका हप्ता का भरावा? किलोमीटर मोजण्यापुरते हे न्याय्यच आहे. प्रश्न उरतो तो ‘कशी’चा. यंत्र करकचून दाबलेला ब्रेक नोंदवते. समोर धावत आलेले पोर त्याला दिसत नाही. शिवाय सवलत स्वतःच्या गाडीच्या नुकसानीपुरतीच. सक्तीच्या त्रयस्थ पक्ष विम्याचा दर केंद्र सरकार ठरवते.

अमेरिकेचा अनुभव बोलका आहे. जनरल मोटर्सने चालकांची पुरेशी संमती न घेता त्यांचा ठावठिकाणा, कधी दर ३ सेकंदांनी, टिपला आणि माहिती विकली. तिच्या आधारे विमा कंपन्यांनी हप्ते ठरवले, असा आरोप तेथील फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये केला. तडजोडीत कंपनीवर ५ वर्षांची बंदी आली. गेलेली माहिती मात्र गेलीच.

नोंदी किती काळ राहतील, कोणाला दिल्या जातील, अपघातानंतर दावा फेटाळण्यासाठी वापरल्या जातील काय, हे पॉलिसीवर ठळक मराठीत छापण्याची सक्ती प्राधिकरणाने करावी.