दुखावलेल्या भावना आणि दुखावलेली माणसे

'भावना दुखावल्या' ही तक्रार धर्माच्या नावाने चालणाऱ्या प्रत्येक वादात अखेरचा शब्द ठरू पाहत आहे. १९२७ साली भारतीय दंडविधानात २९५-अ हे कलम आले. २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या २९९व्या कलमात ते कायम आहे. कायद्यापुढे निदान अपमान बुद्धिपुरस्सर व दुष्ट हेतूने केल्याचे सिद्ध करावे लागते. झुंडीला तेवढ्याचीही गरज भासत नाही. याला कंटाळून काही पुरोगामी मंडळी भावनेलाच नीतिविचारातून हद्दपार करू पाहतात. हे औषध रोगाइतकेच घातक आहे.

हा विचार नवा नाही. केवळ सहानुभूतीच्या ओढीने केलेले सत्कृत्य स्तुत्य असले, तरी खरे नैतिक मूल्य कर्तव्यबुद्धीने केलेल्या कृतीलाच असते, असे कांटने १७८५ साली प्रतिपादन केले. त्याची भीती निराधार नव्हती. भावना आप्तांपाशी ओथंबते आणि परक्यांपाशी आटते. परंतु नुसती बुद्धी माणसाला कृतीस प्रवृत्त करीत नाही, हे ह्यूमने त्यापूर्वीच दाखवून दिले होते. बुद्धी अन्याय मोजून दाखवील. तो असह्य होतो तो भावनेमुळे.

तेव्हा खरा प्रश्न भावनेच्या कसोटीचा आहे, आणि त्याचे उत्तर महाराष्ट्राच्या इतिहासातच आहे. २९५-अ आले त्याच वर्षी, २० मार्च १९२७ रोजी, महाडला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव आधीच झालेला होता. तरीही सनातन्यांच्या भावना दुखावल्या. सत्याग्रहींना मारहाण झाली, तळ्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले. ती भावना ढोंगी होती असे म्हणण्याचे कारण नाही. मनोभावे जपलेली भावनाही अधर्माची पाठराखण करू शकते, हेच महाडने सिद्ध केले. पाणी विटाळल्याचे दुःख तिला होते. माणसाला पाणी नाकारल्याचे नव्हते.

मे १९४७ मध्ये पंढरपुरात साने गुरुजी अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी उपोषणास बसले, ते भक्तिभावनेनेच. विरोध करणारे सनातनीही विठ्ठलाचेच नाव घेत होते. दैवत एक, उत्कटता दोहोंकडे. पण एक भक्ती दार लावून घेत होती आणि दुसरी ते उघडण्यासाठी प्राण पणाला लावीत होती.

१९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात आंबेडकरांनी प्रज्ञा आणि करुणा यांची सांगड घातली, ती याच कारणाने. प्रज्ञेवाचून करुणा आपल्या जातीपुरती उरते, करुणेवाचून प्रज्ञा निर्विकार हिशेबनीस होते.

म्हणून भावनांची भाषा धर्मांधांच्या हवाली करून कार्यकर्त्यांनी केवळ आकडेवारीच्या आश्रयास जाऊ नये. कोणी दुखावलेल्या भावनांचा दाखला दिला, तर त्याला एकच प्रश्न विचारावा: या भावनेला दुसऱ्याचे दुःख दिसते काय? ज्या भावनेला ते दिसत नाही, तिला धर्माचे नाव असेल. नीतीचा अधिकार नाही.