तिजोरीची किल्ली कोणाकडे?

केंद्रीय अर्थसंकल्प मांडला गेला की आयकराची मर्यादा किती वाढली, कोणती वस्तू महागली आणि कोणती स्वस्त झाली, याची चर्चा घरोघरी आणि कचेऱ्यांतून सुरू होते. ते स्वाभाविकच आहे. परंतु कर बसविण्याची आणि आलेला पैसा खर्च करण्याची परवानगी सरकारला दरवर्षी नव्याने का मागावी लागते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. २०१८ च्या मार्चमध्ये लोकसभेने वित्त विधेयक आणि अनुदानाच्या मागण्या चर्चेवाचून संमत केल्या. २०२३ च्या मार्चमध्येही गदारोळात तेच घडले. त्याबद्दल दोन दिवस हळहळ व्यक्त झाली आणि विषय मागे पडला. जो अधिकार इतक्या सहजपणे वापरावाचून सोडून दिला जातो, तो मुळात कसा आणि कोणत्या किमतीला मिळविला गेला, हे पाहायचे तर सतराव्या शतकाच्या अखेरच्या इंग्लंडकडे वळावे लागते.

१६८८ पूर्वी इंग्लंडात पार्लमेंट होती. परंतु ती नियमाने भरणारी संस्था नव्हती, राजाला गरज पडली म्हणजे बोलावली जाणारी सभा होती. १६६० मध्ये दुसरा चार्ल्स गादीवर आला तेव्हा वर्षाला १२ लाख पौंड मिळावेत अशी तरतूद पार्लमेंटने त्याच्यासाठी केली. १६८५ मध्ये दुसऱ्या जेम्सला तर जकात आणि अबकारी यांचे उत्पन्न उत्साहाच्या भरात तहहयात बहाल करण्यात आले. व्यापार भरभराटीला आलेला होता. उत्पन्न वाढत गेले आणि जेम्सला पार्लमेंटची गरजच उरली नाही. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात त्याने अधिवेशन तहकूब केले. ते त्याच्या कारकिर्दीत पुन्हा भरले नाही. राजाने पार्लमेंट बळाने मोडून काढली नव्हती; पार्लमेंटनेच तिजोरीची किल्ली त्याच्या स्वाधीन करून स्वतःला निरुपयोगी करून घेतले होते. १६८८ च्या क्रांतीने जेम्सला पळावे लागले आणि हॉलंडचा विल्यम, पत्नी मेरीसह, सिंहासनावर आला, तेव्हा हा धडा सभासदांच्या मनात ताजा होता.

१६८९ च्या हक्कांच्या सनदेने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. पार्लमेंटच्या मंजुरीवाचून कर वसूल करणे बेकायदेशीर आणि शांततेच्या काळात तिच्या संमतीवाचून खडे सैन्य बाळगणेही बेकायदेशीर. परंतु सनदेपेक्षाही परिणामकारक ठरला तो १६९० मधला एक साधा, कोरडा वाटणारा निर्णय. अबकारीचे उत्पन्न विल्यमला तहहयात देण्यात आले, मात्र जकातीचे उत्पन्न केवळ चार वर्षांसाठी. ज्याने आपल्याला जेम्सपासून सोडविले त्याच्यावर जेम्सइतकाही विश्वास टाकू नये, याचा विल्यमला राग आला. सभासदांनी तो सोसला. प्रश्न राजा चांगला की वाईट हा नव्हता. चांगल्या राजालाही पुन्हा मागायला यावे लागेल, अशी व्यवस्था करण्याचा होता.

तरीही केवळ सनदेने किंवा सावधगिरीने पार्लमेंट दरवर्षी भरू लागली, असे म्हणता येणार नाही. तिला कायम केले ते युद्धाने. १६८९ च्या मे महिन्यात इंग्लंडने चौदाव्या लुईच्या फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारले आणि ते १६९७ मधील रिस्विकच्या तहापर्यंत चालले. या काळात इंग्लंडचा वार्षिक खर्च सरासरीने सुमारे ५५ लाख पौंडांवर गेला. करांचे उत्पन्न सरासरी ३६ लाखांच्या आसपास होते. क्रांतीपूर्वी राज्याचे सारे उत्पन्न सुमारे २० लाखांच्या घरात होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या उडीची कल्पना येते. ग्रेगरी किंग या तत्कालीन हिशेबनिसाने १६८८ सालच्या इंग्लंडची लोकसंख्या ५५ लाख आणि राष्ट्राचे वार्षिक उत्पन्न सुमारे ४ कोटी ३५ लाख पौंड धरले होते. त्या हिशेबाने युद्धकाळात राज्य राष्ट्रीय उत्पन्नाचा सुमारे आठवा हिस्सा खर्च करीत होते. एवढा पैसा एकाही राजाला केवळ आपल्या शब्दावर मिळाला नसता.

तो मिळाला कसा? प्रथम जमिनीवर बोजा टाकण्यात आला. १६९३ पासून जमिनीच्या वार्षिक उत्पन्नावर पौंडामागे चार शिलिंग, म्हणजे एकपंचमांश कर बसला आणि पहिल्याच वर्षी त्याने सुमारे १९ लाख पौंड दिले. कायद्यात पगार आणि जंगम मालमत्ताही धरलेली होती. पण जंगम मालमत्ता लपविता येते, जमीन लपविता येत नाही, म्हणून भार मुख्यतः जमिनीवरच पडला. ज्यांचे उत्पन्न कागदावर उघडे असते त्यांच्याच मानेवर कराचे जू बसते, हे आजच्या पगारदार वाचकाला वेगळे सांगायला नको. येथे महत्त्वाची गोष्ट अशी की, कॉमन्स सभागृहात हा कर मंजूर करणारे बहुसंख्य सभासद स्वतः जमीनदार होते. करवसुलीवर देखरेख करणारे आयुक्तही परगण्यापरगण्यांतील प्रतिष्ठित जमीनदारच असत. त्यात पक्षपात होता. पूर्वेकडील आणि आग्नेयेकडील परगण्यांवर जास्त, तर उत्तरेकडील व पश्चिमेकडील परगण्यांवर कमी आकारणी झाली आणि ही विषमता पुढे तशीच गोठून राहिली. तथापि कर ठरविणारा वर्ग तो कर स्वतः भरीत होता, ही गोष्ट उरतेच. त्याच काळात फ्रान्समध्ये सरदारवर्ग मुख्य करातून मुक्त होता. १६९५ मध्ये लुईने सर्व वर्गांवर डोईपट्टी बसविली, पण युद्ध संपताच ती मागे घेतली. जमीनदारांचा इंग्लंड हा देश फ्रान्सहून लहान. तरी त्याने आपल्या जमीनदारांकडून जे काढले ते लुईच्या निरंकुश सत्तेला साधले नाही.

पैसा देणारा हिशेब मागतो. खर्चाचे अंदाज सभागृहापुढे येऊ लागले. संपूर्ण सभागृहाची समिती भरून आधी किती रक्कम द्यायची आणि मग ती कोणत्या करातून उभारायची, हे ठरवू लागली. मंजूर रक्कम ठराविक कामासाठीच खर्च व्हावी, अशी कलमे करांच्या कायद्यांत घालण्याचा प्रघात पडला. १६९१ मध्ये कॉमन्सने आपल्यातून नऊ सभासदांचे हिशेब-तपासणी मंडळ नेमले. रॉबर्ट हार्ले आणि पॉल फोली हे त्यातले प्रमुख. १६९७ पर्यंत चाललेल्या या मंडळाने मंत्र्यांना पुष्कळ सतावले. त्यात राजकारणही होते. परंतु सरकारी वह्या लोकप्रतिनिधींपुढे उघडाव्या लागतात, हा पायंडा त्यातूनच बळकट झाला. या सभागृहाला सद्गुणांचा पुतळा समजण्याचे कारण नाही. एक विधेयक पुढे सरकविण्याबद्दल लंडन शहराकडून एक हजार गिनींची लाच घेतल्याबद्दल खुद्द सभापती सर जॉन ट्रेव्हर यांना १६९५ मध्ये हाकलून द्यावे लागले. पार्लमेंटचे बळ तिच्या सभासदांच्या शुचितेत नव्हते. एकाचा हिशेब दुसऱ्याने तपासावा, या पद्धतीत ते होते.

करांनी खर्च भागेना तेव्हा कर्ज काढावे लागले, आणि येथेच या व्यवस्थेची खरी शक्ती दिसली. १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंड स्थापन झाली ती सरकारला १२ लाख पौंड आठ टक्के व्याजाने देण्यासाठी. ही सारी रक्कम बारा दिवसांत गोळा झाली. राजाला पूर्वीही कर्ज मिळत असे. पण राजा मरतो, राजा शब्द फिरवितो. आता व्याजाची हमी राजाच्या वचनाची नव्हती. त्यासाठी ठराविक कर कायद्याने बांधून दिलेले होते. कर्ज राजाचे न राहता राष्ट्राचे झाले. युद्ध संपले तेव्हा ते सुमारे १ कोटी ६७ लाख पौंडांवर गेले होते. शांतता होताच कॉमन्सने सैन्याची कपात करायला घेतली. विल्यमच्या तीव्र विरोधाला न जुमानता ते सात हजारांवर आणले आणि त्याच्या डच अंगरक्षकांनाही मायदेशी पाठविले. संकटात देणारी सभा संकट सरल्यावर परतही मागू शकते, हे तेव्हा दिसून आले.

परंतु या कथेची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कर्जाचे व्याज द्यायचे कोणी? जमीन कराला मर्यादा होती, कारण तो मंजूर करणाऱ्याच्याच खिशातून जात होता. म्हणून बिअर, माल्ट, मीठ अशा नित्याच्या वस्तूंवर हात गेला. मिठावरील कर १६९४ मध्ये बसला, माल्टवरील १६९७ मध्ये. १६९६ च्या कायद्याने घरांच्या खिडक्यांवरही कर आला. परगण्यांत मतदानाचा हक्क वर्षाला ४० शिलिंग उत्पन्नाची स्वतःची जमीन असणाऱ्या पुरुषालाच होता. मीठ विकत घेणाऱ्या मजुराला कोणी संमती विचारली नव्हती. अठराव्या शतकात भार जमिनीवरून उपभोगाच्या वस्तूंवर सरकत गेला, तो या कारणाने. संमतीखेरीज कर नाही, हे तत्त्व खरे. पण संमती कोणाची, या प्रश्नाचे उत्तर त्या पार्लमेंटने फार अपुरे दिले.

याचा सर्वांत कठोर प्रत्यय आपल्याच देशाला आला. १६९८ मध्ये सरकारला २० लाख पौंड कर्ज देणाऱ्या मंडळींना पूर्वेकडील व्यापाराची सनद मिळाली आणि एक नवी ईस्ट इंडिया कंपनी उभी राहिली. जुनी आणि नवी कंपनी १७०९ मध्ये एक झाल्या. त्याच संयुक्त कंपनीच्या हाती १७६५ मध्ये बंगाल, बिहार व ओरिसाची दिवाणी आली आणि १८१८ मध्ये पेशवाईचा मुलूखही. स्वतःच्या देशात संमतीवाचून एक शिलिंग न देणाऱ्या राष्ट्राच्या कंपनीने येथल्या रयतेकडून तिला न विचारता सारा वसूल केला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात अध्यापन केलेले गोपाळ कृष्ण गोखले १९०२ मध्ये कलकत्त्याच्या विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलायला उभे राहिले, तेव्हा सभासदांना भाषण करण्याचा अधिकार होता, मत देण्याचा नव्हता. दुष्काळाने पिचलेल्या देशात सरकारची शिल्लक वाढते, याचा अर्थ कर गरजेपेक्षा जास्त आहेत, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडले आणि मिठावरील कराचा जाच सांगितला. १९०३ मध्ये तो कर कमी झाला. मताच्या अधिकाराविना केवळ अभ्यासाच्या जोरावर एवढे साधले.

आज तो अधिकार आपल्यापाशी आहे. कायद्याच्या आधारावाचून कर नाही, हे राज्यघटनेच्या २६५ व्या कलमाने सांगितले आहे. अनुदानाच्या मागण्यांवर लोकसभेने मत द्यायचे, हे ११३ व्या कलमाने ठरविले आहे. हिशेब तपासायला नियंत्रक व महालेखापरीक्षक आहेत, त्यांच्या अहवालांची छाननी करायला लोकलेखा समिती आहे. आणि मत जमीनदाराचे नाही, प्रत्येक प्रौढ नागरिकाचे आहे. सतराव्या शतकातील पार्लमेंटची उणीव आपल्या घटनाकारांनी अशी भरून काढली. मात्र त्या पार्लमेंटचा जो गुण होता, दरवर्षी बसून, भांडून, रकमेरकमेची विचारणा करून पैसा देण्याचा, तो आपण सैल सोडीत आहोत. गदारोळ विरोधकांनी केला की चर्चा सरकारला नको होती, हा वाद येथे गौण आहे. दोन्ही परिस्थितींत विचारणा राहून गेली, आणि कर मात्र वसूल झाला.

दुसऱ्या जेम्सच्या पार्लमेंटचा इतिहास सांगतो की, सभागृहाचे अधिकार काढून घेण्यासाठी दरवेळी सैन्य लागत नाही. सभागृहाने विचारायचे सोडले तरी पुरते. साबण आणि पगार यांवर कर भरणाऱ्या प्रत्येकाने आपल्या खासदाराला म्हणूनच एक साधा प्रश्न करावा: आमच्या वतीने पैसा देताना आपण काय विचारले?